दात न लावता

काकतीच्या यल्लाप्पानं साठी गाठेपर्यंत बेकरीची पायरी क्वचितच चढली असेल. दिवाळीला कुणाकडून आलेली नानकटाई आणि ताप आला की चहात बुडवायचा टोस्ट, त्या जगाशी त्याची ओळख एवढीच. पहाटे उठून रानातली कामं उरकायची, मग बसनं सगळं बेळगाव ओलांडून मच्छे गावच्या फौंड्रीत जायचं, दिवसभर वाळूचे साचे भरायचे आणि संध्याकाळी घरी येऊन ताटात वाढलेलं मान खाली घालून खायचं. मीठ कमी पडलं तरी तो बोलला नाही, जास्त पडलं तरी बोलला नाही. मनुबाई शेजारणींना सांगायची, "आमच्या मालकांच्या जिभंला काय ठावंच न्हाय. माती कालवून वाढली तरी जेवून हात धुतील."

मनुबाईचं माहेर निपाणीजवळचं. लग्नाआधी ती आईचा हात धरून तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. चाळणी हलली की तंबाखूची भुकटी नाकातोंडात जायची, डोळ्यांतून पाणी यायचं. वखारीतल्या सगळ्याच बायका सकाळी दाताला मशेरी लावायच्या, तशी तीही लावू लागली. ती सवय सासरी आली, संसारात मुरली, मुलगा विक्रम शिकून पुण्याला नोकरीला लागला, यल्लाप्पा फौंड्रीतून निवृत्त झाला, तरी सुटली नाही. गेल्या वर्षी डाव्या गालाच्या आत एक फोड आला. आज बरा होईल, उद्या बरा होईल करत महिने गेले. मग इस्पितळ, तपासण्या, ऑपरेशन. डावीकडचा जबड्याचा तुकडा काढला, मांडीची कातडी गालाला लावली. त्यानंतर किरणांचे शेक सुरू झाले. शेक म्हणजे मनुबाईला आधी वाटलं गरम पाण्याच्या पिशवीसारखं काहीतरी असेल. यंत्राखाली झोपवायचे, काही कळायचंही नाही. पण शेवटचा शेक झाला आणि खरं दुखणं तिथून पुढं सुरू झालं.

तोंडातली लाळच आटली. जीभ सोलल्यासारखी लालभडक झाली. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. बोलायला गेली की शब्द जाड होऊन, एकमेकांत मिसळून बाहेर पडायचे. ते फक्त यल्लाप्पाला कळायचे. भात तोंडात घेतला की म्हणायची वाळू हाय. दुधाला कच्चा वास यायचा. ताक झोंबायचं. आंबील, पेज, रव्याची खीर, मिक्सरमधून काढलेलं वरण, यल्लाप्पा एकेक करून समोर ठेवायचा आणि एकेक करून उचलून न्यायचा. गार पाणी आणि शहाळ्याचं पाणी, यापलीकडे काही घशाखाली उतरत नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आजी, असं चालणार नाही. पुढच्या वेळेपर्यंत वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीतून पोटात अन्न जाईल."

मनुबाईनं यल्लाप्पाच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. ऑपरेशनच्या वेळी तिच्या शेजारच्या खाटेवर खानापूरकडची एक बाई होती. तिच्या नाकात नळी होती. ती बाई दिवसभर छताकडे बघत पडलेली असायची, आणि एका सकाळी खाट मोकळी होती, चादर बदललेली. मनुबाईच्या मनात ती नळी आणि ती मोकळी खाट एकत्र गाठ मारल्यासारखी बसली होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "नळी नगं. नळी घातल्याली मानसं परत येत न्हाईत. मला घरातच मरू द्या."

"मरायचं काय बोलतीस?" यल्लाप्पाचा आवाज चढला, मग लगेच खाली आला. "तू चार घास खाल्लंस तर नळी कशाला घालतील? मी न्हाय घालू देनार. सबूद हाय माझा."

बोलून गेला खरा. पण ते चार घास आणायचे कुठून, हे त्याला कुठं माहीत होतं.

शेजारच्या अंजनीच्या लेकीचा, आरोहीचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता. अंजनी ताट घेऊन आली. वेफर्स, पेढा आणि केकचा एक तुकडा. "मामी खानार न्हाईत ठावं हाय, पर पोरीनं हट्ट केला, मामीला देऊनच ये म्हनून," ती अवघडून म्हणाली. ताट कोनाड्यात राहिलं. थोड्या वेळानं यल्लाप्पा आत आला तर मनुबाई ताट मांडीवर घेऊन बसलेली. तिनं केकचा खालचा ओला भाग बोटानं उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच बसली. यल्लाप्पा दारातच थांबला. तिचा गळा हलला. तिनं डोळे उघडले.

"गेलं," ती म्हणाली.

तिनं आणखी एकदा बोट लावलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा मात्र थकून तिनं ताट बाजूला सारलं. पण यल्लाप्पाच्या अंगात वीज भरल्यासारखं झालं. तो तसाच अंजनीच्या दारात गेला. "अगं, केक कुटनं आनलास?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो तिथं जाऊन उभा होता. कालच्यासारखाच दिसणारा, तेवढाच गुलाबी केक त्यानं बांधून घेतला आणि बसमध्ये मांडीवर सांभाळत आणला. मनुबाईनं तोंडात घेतला. क्रीम टाळूला चिकटून बसलं. ते निघेना, गिळवेना. बोटानं काढायला गेली तर टाळूची साल निघाली. कालचा केक साखरेच्या पाण्यानं भिजवलेला होता आणि आजचा नव्हता, एवढाच फरक. पण तो यल्लाप्पाला सांगणार कोण? त्याला वाटलं, आपलंच नशीब फिरलं.

मग तो हट्टाला पेटला. टिळकवाडीतल्या एका दुकानदारानं सांगितलं, "काका, आमची नानकटाई घेऊन जावा, तोंडात घातली की विरघळते." यल्लाप्पानं विश्वास ठेवला. घरी येऊन नखाएवढा तुकडा मोडून मनुबाईच्या जिभेवर ठेवला. कोरड्या तोंडात ती नानकटाई विरघळली नाही. तिचा भुगा झाला आणि तो भुगा श्वासाबरोबर आत गेला. मनुबाईचे डोळे पांढरे झाले. खोकला येईना, श्वास येईना. यल्लाप्पा तिच्या पाठीवर थापा मारत ओरडत होता, "मनू, ए मनू!" अंजनी पळत आली. तिनं मनुबाईला पुढं वाकवलं, दोघांनी मिळून पाठ बडवली, तेव्हा कुठं तिला खोकला फुटला. भिंतीवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडाले.

अंजनी म्हणाली, "मामा, हे करू नगा आता. तुमच्याच हातून काय व्हायचं."

यल्लाप्पानं फडकं घेऊन भिंत पुसली. पण करायचं नाही, असं त्यानं ठरवलं नाही. त्यानं ठरवलं ते एवढंच, की यापुढं प्रत्येक घास आधी आपल्या तोंडात. तो कसा उतरतो ते आपण बघायचं, मग तिला द्यायचा.

आणि इथून यल्लाप्पाचं ते विचित्र फिरणं सुरू झालं. सकाळी मनुबाईला अंजनीच्या नजरेखाली ठेवून तो शहरात जायचा. बेकरीत शिरून काचेआडचं एकेक बोटानं दाखवायचा. हे काय, ते काय, मऊ कुठलं, ओलं कुठलं. त्यातला एकच तुकडा मागायचा. तो जिभेवर ठेवायचा, दात लावायचा नाही, जीभ हलवायची नाही. डोळे मिटून, हनुवटी जरा वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून उभा राहायचा आणि तुकडा आपोआप विरतो का, त्याची वाट बघायचा. चहाबरोबर खायचं कडक बटर विरलं नाही. क्रीम रोल कधीच विरला नाही. स्पंज आधी फुगला आणि मग गोळा होऊन बसला. दिलपसंद नावाच्या भरलेल्या गोड पावातलं खोबरं तर जिभेवर जसंच्या तसं राहिलं.

पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की हे खोटं चाललंय. आपल्या तोंडात पाणी सुटतं, तिच्या तोंडात सुटत नाही. म्हणून त्यानं पाणी पिणं सोडलं. सकाळी उठल्यापासून बेकऱ्या फिरून होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. तरी लाळ यायची. मग टॉवेलच्या टोकानं जीभ पुसायची आणि तुकडा ठेवायचा. एप्रिलचं ऊन. कॅम्पातल्या रस्त्यांवर डांबर मऊ झालेलं. त्या उन्हात हा म्हातारा कोरड्या तोंडानं या दारातून त्या दारात. कुणी दुकानदार हसायचे, कुणी खेकसायचे, "घ्यायचं असलं तर घ्या, न्हायतर वाट सोडा." एकानं त्याला भिकारी समजून शिळ्या पावांची पिशवी हातात दिली. यल्लाप्पानं ती पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि बाहेर पडला.

शहापूरच्या गल्लीत, दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट येतो तिथं, नागेंद्र नावाच्या माणसाची लहानशी बेकरी आहे. घरी कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. यल्लाप्पा तिथं तिसऱ्यांदा गेला तेव्हा नागेंद्र हाताचा मैदा झटकत भट्टीजवळून बाहेर आला.

"एन री अज्जा! काय पाहिजे तुमाला? एक तुकडा घेता आनि देवळातल्यासारखं डोळं मिटून हुबारता. गिऱ्हाईक घाबरतंय की!"

यल्लाप्पानं तोंडातला तुकडा गिळला. घसा इतका सुकला होता की शब्द फुटेना. मग तो एका दमात बोलत सुटला. जबडा, शेक, वाळूसारखा भात, नळी, मोकळी खाट, नानकटाई, भिंतीवरचं रक्त. आजवर एवढं सगळं तो कुणापाशीच बोलला नव्हता, विक्रमपाशीही नाही. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही गप्प झालीत. त्याला शरम वाटली. तो जायला वळला.

"थांबा," नागेंद्र म्हणाला.

त्यानं हनी केकचा तुकडा काढला. वरचा जॅमचा थर आणि खोबरं सुरीनं खरवडून टाकलं, खालचा पिवळा भाग साखरेच्या पाण्यात बुडवला आणि यल्लाप्पाच्या तळहातावर ठेवला. यल्लाप्पानं जीभ पुसली, तुकडा ठेवला आणि डोळे मिटले. जरा वेळानं त्यानं डोळे उघडले तेव्हा जिभेवर काही नव्हतं.

"गेलं," तो म्हणाला.

"नुस्ता केक करून ठेवतो मी. जॅम न्हाई, खोबरं न्हाई, अंडं जास्त घालतो, ताकद येऊ दे," नागेंद्र म्हणाला. "उद्या सकाळी या. आनि अज्जा, पानी प्या आधी."

पुढचे काही दिवस घरात वेगळेच गेले. यल्लाप्पा केक आणायचा, शहाळ्याच्या पाण्यात भिजवून चमच्यानं भरवायचा. मनुबाई खाटेवर टेकून बसायची. एक चमचा गेला की दोघंही थोडं थांबायची, मग दुसरा. एके दिवशी तळहाताएवढा केक गेला. यल्लाप्पानं पुण्याला फोन लावला. "विक्रम, तुझी आई खायला लागली रं!"

तिकडून विक्रम म्हणाला, "आप्पा, केकवर किती दिवस काढणार? डॉक्टर सांगतात तसं करूया. मी येतो, तिला समजावतो."

"तू ये, पर नळीचं नाव काढू नगंस," यल्लाप्पा म्हणाला आणि फोन ठेवला.

मग एका सकाळी मनुबाईच्या जिभेवर पांढरे चट्टे उठले. गालाच्या आतून, टाळूला, घशापर्यंत. साखरेचा थेंब लागला तरी ती कळवळायची. नागेंद्रनं साखर काढून केक करून पाहिला, तो रबरासारखा झाला. त्यानं पुन्हा केला, तो फुटला. शेवटी तो म्हणाला, "अज्जा, मला जेवढं येतंय तेवढं मी केलो. इस्पितळात दाखवा तुमी." यल्लाप्पानं मान हलवली आणि पायरी उतरला. इस्पितळात फोन करून विचारून तोंडात लावायचं औषध आणलं, ते लावलं, पण गिळणं पुन्हा पाण्यावर आलं. तपासणीचा दिवस दोन दिवसांवर आला होता. मनुबाईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

अशात निपाणीहून जयाबाईचा फोन आला. जयाबाई म्हणजे मनुबाईची धाकटी बहीण. "दाजी, आमच्या हितं एक जुनी बेकरी हाय. तिच्यातला मावा केक निस्ता लोन्यागत. गोड बी बेताचा. येऊन बगा."

यल्लाप्पा मिळेल त्या बसनं निघाला. बसायला जागा नव्हती. काकतीपासून उभा. पोटात अन्न नव्हतं, तोंडात पाणी नव्हतं. निपाणीत उतरला तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. जयाबाई स्टँडवर आली होती. ती त्याला बेकरीत घेऊन गेली. कागदाच्या वाटीत भाजलेला, वरून तपकिरी झालेला लहान केक मालकानं पुढं केला. यल्लाप्पानं कागद सोलला, जीभ पुसली, तुकडा ठेवला, डोळे मिटले. आणि तसाच मागं कोसळला.

शुद्ध आली तेव्हा तो पायरीवर होता. जयाबाई पदरानं वारा घालत होती. कुणीतरी तांब्या आणून दिला. तिनं तो त्याच्या ओठाला लावला तर त्यानं तोंड बाजूला केलं.

"पानी नगं. तोंड वलं हुतंय."

जयाबाई बघतच राहिली. मग तिला सगळं उमगलं आणि ती भडकली. "दाजी, काय चालवलंय हे तुमी? ती भ्याली नळीला, तुमी बी भ्याला व्हय? आक्का आमचं कुनाचं ऐकत न्हाई, ऐकती ती तुमचंच. सांगा की तिला!"

"मी सबूद दिलाय तिला."

"सबूद खाऊन जगंल व्हय ती?" जयाबाईनं तांब्या पुन्हा पुढं केला. "घ्या, प्या पानी. तुमी पडला तर तिला कोन हाय?"

तो पाणी प्याला. पण चार मावा केक बांधून घेतल्याशिवाय तो तिथून उठला नाही.

परतीच्या बसमध्ये त्यानं ती पुडी छातीशी धरली होती. घाम, ऊन आणि धूळ. घरी येऊन उघडली तर केक कडेनं सुकलेले. मधला मऊ भाग काढून त्यानं शहाळ्याच्या पाण्यात कालवला. मनुबाईनं चमचा तोंडात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं वाटी जवळ ओढून सगळं त्यात सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

यल्लाप्पा स्वयंपाकघरात आला. हातात उरलेले केक होते. त्यानं एक तोंडात घातला. किती दिवसांनी त्यानं केकला दात लावला होता. मग दुसरा घातला. उभ्या उभ्या, तोंडात कोंबत, घशात अडकत, त्यानं सगळे संपवले. रडू आणि घास एकदमच वर येत होते. पोटात भूक होती हेच तो विसरून गेला होता. संपल्यावर कागदाच्या रिकाम्या वाट्या मुठीत चुरगळून तो चुलीपाशी खाली बसला. आपण तिच्या वाट्याचं खाल्लं, असं त्याला वाटत राहिलं. तिला ते जाणारच नव्हतं, हे माहीत असूनही.

तपासणीच्या सकाळी त्यानं रिक्षा सांगितली. मनुबाईला उचलूनच रिक्षात बसवावं लागलं. इस्पितळ एकाच वळणावर राहिलं असताना त्याला रस्त्याकडेला काचेची मोठी नवी बेकरी दिसली. ती आजवर त्याच्या नजरेतून सुटली होती.

"थांब रं जरा," तो रिक्षावाल्याला म्हणाला. मनुबाईला म्हणाला, "आलोच."

आता एक घास जाऊन वजनकाट्यावर काय फरक पडणार होता? हे त्यालाही कळत होतं. पण पाय थांबले नाहीत. आत गारवा होता. काचेत रंगीबेरंगी केक मांडलेले. त्यानं सगळ्यात ओला दिसणारा केक दाखवला, तुकडा घेतला, टॉवेलच्या टोकानं जीभ पुसली आणि डोळे मिटून, हनुवटी वर करून उभा राहिला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. "अरे, व्हिडिओ घे, व्हिडिओ घे." त्याला ऐकू आलं, पण तो हलला नाही. विरतोय. विरतोय का? कडेला विरतोय, मध्ये नाही.

डोळे उघडले तेव्हा समोर काच होती. काचेपलीकडे रस्ता, रस्त्यावर रिक्षा, आणि रिक्षातून पुढं वाकून मनुबाई त्याच्याकडे बघत होती. कधीपासून बघत होती, देव जाणे. घरी त्यानं तिला एवढंच सांगितलेलं की दुकानदार चांगले आहेत, विचारलं की मऊ बघून देतात.

तो घाईघाईनं बाहेर आला आणि रिक्षात बसला. तुकडा अजून तोंडातच होता, तो त्यानं गिळला. मनुबाई जवळ सरकली. तिनं पदराच्या टोकानं त्याच्या मिशीला लागलेलं क्रीम पुसलं. मग त्याच्या फुटलेल्या, सालं निघालेल्या ओठांवर बोट ठेवलं.

"पानी?" तिनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली.

"सकाळधरनं न्हाय?"

"तुज्या तोंडात कुटं अस्तंय? मग मला कसं कळायचं?"

तिनं मांडीवरची बाटली उघडून त्याच्या हातात दिली. "प्या," ती म्हणाली. तो प्याला. ती बघत राहिली आणि बाटली रिकामी होईपर्यंत तिनं ती परत घेतली नाही.

काट्यावर वजन आणखी उतरलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली. त्या काही बोलायच्या आत यल्लाप्पानं हात जोडले. "बाई, पाया पडतो. अजून आठ दिवस द्या. ती खात हुती, खरंच खात हुती, मधीच तोंड आलं. मी निपानीला गेलतो, कुटं कुटं गेलतो. अजून बेकऱ्या हाईत. आठ दिवसांत..."

त्याच्या जोडलेल्या हातांवर मनुबाईचा हात येऊन पडला. वाळलेल्या पानासारखा हलका.

"घाला," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई पुढं वाकल्या. "काय म्हणाल्या आजी? मला कळलं नाही."

यल्लाप्पाला कळलं होतं. खोलीत दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. मनात आलं, सांगू नये. नको म्हणते म्हणून सांगावं आणि तिला उचलून घरी न्यावं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती भेदरलेली होती. डोळे मोठे झाले होते, नाकपुड्या हलत होत्या. पण नजर त्याच्यावरून ढळत नव्हती.

"आजोबा?"

"घाला म्हनती," यल्लाप्पा म्हणाला. "नळी घाला म्हनती."

आणि तो तिथंच, सगळ्यांसमोर, टॉवेलात तोंड खुपसून रडला.

नळी घालताना त्यांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं, पण मनुबाईनं त्याचा सदरा सोडला नाही, म्हणून राहू दिलं. नळी नाकातून आत सरकली तेव्हा ती ओकारली, हात झाडले, नखं त्याच्या मनगटात रुतली. "गिळा आजी, गिळा," नर्स सांगत होती. गिळायलाच तर येत नव्हतं. यल्लाप्पा तिच्या कानाशी वाकून म्हणत होता, "झालं, झालं बग, लई न्हाय आता." शेवटी चिकटपट्टी लागली. नर्सनं नळीतून पातळ पेज सोडली. मनुबाई डोळे फाडून छताकडे बघत पडली होती, अगदी त्या खानापूरच्या बाईसारखी. आपण काय करून बसलो, असं यल्लाप्पाला त्या क्षणी वाटलं. त्याच संध्याकाळी विक्रम पुण्याहून आला. बापाच्या मनगटावरच्या जखमा त्यानं धुऊन पुसल्या. शेजारी बसून राहिला.

ही गोष्ट सुखाची झाली असं म्हणता येत नाही. नळीवर मनुबाईचं वजन थोडं थोडं चढलं. तोंडातले चट्टे गेले. घरी आल्यावर दर दोन-तीन तासांनी यल्लाप्पाच नळीतून पेज सोडतो, आधी पाणी, मग पेज, मग पुन्हा पाणी. नर्सनं त्याला नीट शिकवलंय. मनुबाई नळीवरून पदर ओढून संध्याकाळी दारात बसते, अंजनीशी खुणांनी बोलते. पण मागच्या तपासणीत मानेला उजव्या बाजूला एक गाठ हाताला लागली. डॉक्टरीणबाई बराच वेळ ती बोटांनी चाचपत होत्या. तुकडा काढून तपासायला पाठवू म्हणाल्या.

त्या दिवशी घरी परतल्यावर यल्लाप्पानं भांडी घासली, पेज शिजवली, गाळली, गार करायला ठेवली. विक्रमला फोन करून सांगितलं. मग मनुबाईजवळ येऊन बसला. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत दोघंही ऐकत राहिली.

"भ्या वाटतंय?" त्यानं विचारलं.

मनुबाईनं मान हलवली. वाटतंय.

"मला बी," यल्लाप्पा म्हणाला.

मग पेज गार झाली का, ते बघायला तो उठला.